घराजवळच्या शाळेबद्दल अकरा जणांनी अकरा गोष्टी सांगितल्या, आता कुणाचं ऐकायचं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं की मुलगी जूनमध्ये पहिलीत जाणार, घरापासून चालत सात मिनिटांवर महापालिकेची सेमी-इंग्रजी शाळा आहे, पहिली ते चौथी, पट 112, शिक्षक तीन. तुम्ही अकरा जणांना विचारलंत. कुणी म्हणालं पहिलीच्या बाई फार जीव लावतात, कुणी म्हणालं पोरं शिव्या शिकतात, बाथरूम घाण असतं, गृहपाठच देत नाहीत, शिक्षक कायम बाहेरच्या कामाला, आणि एकाने तर "तिथे कोण घालतं आपली मुलं" एवढ्यातच विषय संपवला. आता तुम्हाला कळत नाहीये की खरं कोण बोलतंय.

मी 29 वर्षं जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांमध्ये काढली, त्यातली 21 वर्गावर आणि 8 मुख्याध्यापिका म्हणून. गेटवर उभं राहून पालकांची मतं मी रोज ऐकलीत, चांगली पण आणि बोचणारी पण. त्यावरून सांगते, त्या अकराच्या अकरा जणांनी कदाचित खरंच सांगितलं असेल. तरीही त्यावरून शाळा कळत नाही, कारण शाळेबद्दलचं मत म्हणून आपण जे ऐकतो ते बहुतेक वेळा एका मुलाचं, एका वर्षाचं आणि एका बाईंबद्दलचं मत असतं.

आधी हे कबूल करते की मी ती शाळा पाहिलेली नाही. तुमची मुलगी बुजरी आहे की धीट, दुपारी घरी कोण असतं, तुम्हाला महिन्यातून एकदा तरी शाळेत जायला जमणार आहे का, आणि मुख्य म्हणजे या जूनला पहिलीचा वर्ग कोणाकडे जाणार, यावर बरंच काही अवलंबून आहे. म्हणून घाला किंवा घालू नका असं मी इथून सांगू शकत नाही. पण मतं कशी चाळायची ते नक्की सांगू शकते.

पहिलं काम सोपं आहे. त्या अकरा जणांपैकी आत्ता, या वर्षी, कुणाचं मूल त्या शाळेत शिकतंय? तुम्हीच लिहिलंय की असे चारच जण आहेत. बाकीच्या सात जणांनी तुम्हाला शाळेचं नाव कसं आहे ते सांगितलं, शाळा कशी आहे ते नाही. नाव बदलायला फार वर्षं लागतात. चांगली शाळा बिघडली तरी पाच-सहा वर्षं लोक चांगलीच म्हणत राहतात आणि वाईट शाळा सुधारली तरी तेवढीच वर्षं तिला शिव्या बसतात. माझ्याकडे एकाच आठवड्यात दोन आया आल्या होत्या, एक म्हणाली बाई तुमच्या शाळेने माझ्या मुलाचं सोनं केलं, दुसरीला दाखला हवा होता कारण तिच्या मुलीला वर्गात कुणी विचारतच नव्हतं. एक मूल दुसरीत, एक तिसरीत, मध्ये फक्त एक भिंत. दोघींचं म्हणणं मी मनात तपासून पाहिलं आणि दोघी बरोबर होत्या.

म्हणून उरलेल्या चौघांना परत भेटा, पण "शाळा कशी आहे हो?" असं विचारू नका. त्या प्रश्नाला माणूस चांगली, बरी, ठीक असंच काहीतरी बोलतो. त्याऐवजी घडलेलं विचारा. तुमचं मूल कोणत्या वर्गात, कोणत्या बाईंकडे, कितवं वर्ष. शेवटची तक्रार घेऊन तुम्ही कधी गेला होता आणि पुढे काय झालं. बाईंनी तुमच्या मुलाबद्दल शेवटचं काय सांगितलं होतं. हा शेवटचा प्रश्न माझा फार आवडता आहे, कारण "अभ्यास करून घ्या" एवढंच सांगितलं असेल तर त्या बाईंनी मुलाला नीट पाहिलेलं नाही, आणि "बेरीज येते पण हातचा विसरतो, आणि हल्ली गप्प गप्प असतो, घरी काही झालंय का" असं सांगितलं असेल तर ती बाई सोन्यासारखी आहे, मग इमारत कशी का असेना.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगते, यावर थोडी जास्त बोलणार आहे. कुणाला विचारायचं? आपण सहसा आपल्यासारख्यांना विचारतो, म्हणजे सोसायटीतले, ऑफिसातले, शिकलेले. त्यांची मुलं घरी पुस्तकं बघतात, आई रात्री वाचून घेते, शिवाय ट्यूशन असते. असं मूल कुठल्याही शाळेत गेलं तरी वाचायला शिकतंच, त्यातलं शाळेचं किती आणि घरचं किती हे वेगळं काढता येत नाही. शाळेची खरी परीक्षा त्या मुलात होते ज्याला घरी कुणी शिकवणारं नाही. जिची आई चार घरची कामं करून संध्याकाळी सहाला येते, वडील बांधकामावर, घरात लिहिता-वाचता कुणाला येत नाही, ती मुलगी तिसरीत गेल्यावर धडा घडाघडा वाचत असेल, आणि वाचलेलं स्वतःच्या शब्दांत सांगत असेल, तर ते सगळंच्या सगळं शाळेने केलंय. त्या आईला जाऊन विचारा. ती पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नसते, असली तरी बोलत नाही, मीटिंगला यायचं तर दिवसाची मजुरी बुडते म्हणून येत नाही. म्हणजे जिचं मत सगळ्यात मोलाचं तिचंच आपल्या कानावर येत नाही. मी मुख्याध्यापिका झाल्यावर दोन वर्षं याच चुकीत होते, जे गेटवर येऊन बोलायचे त्यांनाच मी पालक समजत होते. मग एका वर्षी संध्याकाळी सात वाजता वस्तीवर जाऊन बसायला लागले तेव्हा कळलं की आमच्या चौथीच्या वर्गातली सहा मुलं जोडाक्षर आलं की अडतात, आणि ते मला कुठल्याच पालकाने शाळेत येऊन सांगितलं नव्हतं.

आता तुम्ही ऐकलेल्या तक्रारी एकेक घेऊ, सगळ्यांना सारखं वजन नाही.

गृहपाठ देत नाहीत ही तक्रार पहिलीपुरती तरी काढून टाका. 2020 च्या दप्तराच्या धोरणातच दुसरीपर्यंत गृहपाठ नको असं म्हटलंय. सहा वर्षांच्या मुलाने दिवसभर शाळेत राहून घरी येऊन पुन्हा दोन पानं एकच अक्षर गिरवायचं यातून हात दुखण्यापलीकडे काही होत नाही. उलट कुणी सांगितलं की वर्गशिक्षिकाच सुचवतात माझ्याकडे ट्यूशन लावा म्हणजे जमेल, तर तिथे कान टवकारा. शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांना खाजगी शिकवणी घ्यायला बंदी आहे.

शिव्यांचं म्हणाल तर मुलं शिव्या घरून, रस्त्यावरून, मोबाईलवरून आणतात, महागड्या शाळेतही आणतात. शिवी ऐकू आली की बाई काय करतात हे विचारा. बसवून बोलतात, की मारतात, की ऐकू न आल्यासारखं करतात. आणि मारण्याबद्दल एकानेही सांगितलं, अगदी एकानेच, तरी ते हलक्यात घेऊ नका. त्याच कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केलंय. बाकी गोष्टीत मी दहा मतं गोळा करा म्हणेन, यात एक पुरे, लगेच जाऊन खरं-खोटं करा.

बाथरूमची तक्रार मी सगळ्यात वर ठेवेन. लोकांना वाटतं ही वरवरची गोष्ट आहे, शिकवणं चांगलं असलं की झालं. नाही हो. माझ्या वर्गातल्या मुलींच्या पाण्याच्या बाटल्या संध्याकाळी भरलेल्याच घरी जायच्या, मला बरेच दिवस कळलं नाही का ते. त्या पाणीच पित नव्हत्या, कारण प्यायलं की जावं लागतं आणि जायची जागा नको वाटायची. दिवसभर लघवी दाबून बसलेल्या मुलीला तुम्ही काय वजाबाकी शिकवणार? यू-डायस म्हणून प्रत्येक शाळेचा 11 आकडी नंबर असतो, आपल्या राज्यातला 27 ने सुरू होतो, त्यावरून यू-डायसच्या साइटवर शाळेची माहिती दिसते, पट, शिक्षक, खोल्या, स्वच्छतागृहं वगैरे. ती जरूर बघा. पण ती माहिती शाळेनेच भरलेली असते, मी स्वतः वर्षानुवर्षं भरलीय. मुलींसाठी स्वच्छतागृह आहे याला "हो" लिहिलेलं असतं, पण त्याला कुलूप आहे का आणि नळाला पाणी आहे का हे तिथे जाऊनच कळतं.

शिक्षक कायम बाहेरच्या कामाला ही तक्रार अर्धी शाळेची आणि अर्धी सरकारची आहे. कायद्यात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांचीच कामं शिक्षकांना द्यावीत असं आहे, प्रत्यक्षात ऑनलाइन माहित्या, सर्व्हे, प्रशिक्षणं यात किती दिवस जातात ते आम्हालाच ठाऊक. पहिली ते पाचवीला वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास शिकवणं व्हायला हवं. त्यामुळे तुम्ही असं विचारा की बाई नसतात त्या दिवशी तो वर्ग काय करतो. चांगल्या शाळेत ठरलेलं असतं, शेजारच्या वर्गाबरोबर बसवतात, वाचनाची पुस्तकं काढून देतात, मोठी मुलं लहानांना वाचून दाखवतात. जिथे काहीच ठरलेलं नसतं तिथे मुलं नुसती तोंडावर बोट ठेवून बसलेली दिसतात.

आणि इथे तुम्ही दिलेल्या आकड्यात एक गोष्ट आहे जी अकरा जणांपैकी कुणीच सांगितली नाही. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन, 91 ते 120 ला चार असं दिलंय. तुमच्या शाळेचा पट 112 आणि शिक्षक तीन, म्हणजे एक कमी आहे. चार वर्ग तिघांत वाटायचे म्हणजे कुठलेतरी दोन वर्ग एकत्र बसणार. त्यात पहिली आहे का ते विचारा. दुसरी-तिसरी एकत्र असेल तर सराईत शिक्षक ते छान सांभाळतो, पण पहिलीला स्वतंत्र बाई हव्यात असं माझं ठाम मत आहे, कारण पहिलीच्या मुलाला दर पाच मिनिटाला कुणीतरी बघावं लागतं.

इंग्रजीवरून वेळ घालवू नका. आपल्याकडे मराठी शाळांतही 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, सेमीमध्ये गणितही इंग्रजीत. पहिलीत तिला मराठी नीट वाचता यायला लागलं की पुढचं इंग्रजी सोपं जातं, मराठीच कच्चं राहिलं तर दोन्ही लंगडं होतं, हे मी शेकडो मुलांत पाहिलंय.

चांगल्या बाजूबद्दल मात्र पालक कमी बोलतात. शाळा सात मिनिटांवर आहे हीच केवढी मोठी गोष्ट आहे. मूल पुरेसं झोपून उठतं, व्हॅनमध्ये तासभर जात नाही, वर्गातल्याच मुलांबरोबर संध्याकाळी खेळतं, बरं वाटत नसलं तर दहा मिनिटांत तुम्ही पोचता. आणि पालक जवळ असले की शाळेवर आपोआप नजर राहते. दुपारचा पोषण आहार पण बघा, प्राथमिकला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं असं प्रमाण ठरलेलं आहे, वाढण्याआधी कुणीतरी चव घेऊन चव नोंदवहीत लिहायचं असतं. मी सांगेन तुम्हीच एकदा चव घ्यायला जा.

मतं चाळून झाली की स्वतः जा. प्रवेशोत्सवाला जाऊ नका, त्या दिवशी फुगे, ढोल, औक्षण, सगळीच शाळा देखणी दिसते. साधा मंगळवार-बुधवार बघा, मधल्या सुट्टीच्या जरा आधी. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन पहिली-दुसरीच्या वह्या मागा. तीसच्या तीस वह्यांत अगदी तेच वाक्य सुवाच्य अक्षरात असेल तर ते फळ्यावरून उतरवलेलं आहे, त्याचं कौतुक नको. वाकडंतिकडं, चुकलेलं, पण प्रत्येकाचं वेगळं लिहिलेलं असेल, आणि बाईंनी नुसती बरोबरची खूण न करता चूक दाखवलेली असेल, तर तिथे शिकणं चाललंय. शेवटच्या रांगेतली वही मुद्दाम बघा.

जमलं तर तिसरीतल्या दोन-तीन मुलांना कुठलीही नवीन छोटी गोष्ट वाचायला द्या, पाठ्यपुस्तकातली नको, ती पाठ असते. "असर" नावाचा जो देशभरचा सर्व्हे असतो त्याची वाचन चाचणी एवढीच साधी आहे, अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. निपुण भारत हे केंद्र सरकारचं अभियान जुलै 2021 मध्ये सुरू झालं, त्याचंही उद्दिष्ट हेच की तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मूल समजून वाचेल आणि 9999 पर्यंतच्या संख्या त्याला कळतील. पण मुलाला सगळ्यांसमोर उभं करू नका, बाजूला बसून, हसतखेळत. अडलं तर तुम्हीच पुढचा शब्द सांगा.

मग मुख्याध्यापकांना एकच प्रश्न विचारा, सर तुमच्या शाळेत काय कमी आहे? मी त्या खुर्चीत असताना बरीच वर्षं "सगळं छान आहे" असंच सांगायचे, शाळेचं नाव जाऊ नये म्हणून. एकदा एका वडिलांनी शांतपणे विचारलं, मग गोष्टींच्या पुस्तकांच्या कपाटाला कुलूप का? आम्ही पुस्तकं फाटतील म्हणून बंद ठेवली होती. तीन वर्षं. त्यातली कोरी पुस्तकं बघून मला इतकं वाईट वाटलं की त्या दिवसापासून किल्ली चौथीच्या मुलांकडे दिली, पुस्तकं फाटली, चिकटवली, पुन्हा फाटली, पण मुलं वाचायला लागली. त्यामुळे जे सर तुम्हाला सरळ सांगतील की एक शिक्षक कमी आहे, बाथरूमला पाण्याचा प्रॉब्लेम आहे, त्यासाठी आम्ही हे हे करतोय, त्यांच्यावर मी जास्त विश्वास ठेवेन.

कारण उणिवा दोन जातीच्या असतात. काही पालकांनी धरून लावलं तर सुटतात, जसं की पाणी, सफाई, बंद कपाट, रिकाम्या जागेसाठी शिक्षण विभागाकडे पाठपुरावा. सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात किमान 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला असायलाच हव्यात. तिची बैठक खरंच होते की नुसत्या सह्या फिरवतात ते इतिवृत्ताची वही बघितली की पाच मिनिटांत कळतं. आमच्याकडे पाण्याची टाकी त्या बाटल्यांच्या प्रकारानंतर समितीतल्या आयांनीच ग्रामपंचायतीच्या मागे लागून बसवून घेतली, मी तीन पत्रं लिहून जे झालं नव्हतं ते त्या सगळ्या जाऊन ऑफिसात बसल्यावर झालं. दुसऱ्या जातीच्या उणिवा पालकांच्या हातात नसतात. मारलेलं लपवणारी शाळा, कुणाचं काही ऐकून न घेणारे मुख्याध्यापक, गरिबाच्या मुलाला मागे बसवून विसरून जाणाऱ्या बाई. यातलं काही दिसलं तर सात मिनिटांचं अंतर, फी नाही, काहीही बघू नका, दुसरी शाळा शोधा.

तुम्ही लिहिलंय त्यावरून, म्हणजे पहिलीच्या बाईंबद्दल आत्ताच्या पालकांपैकी दोघांनी आपणहून चांगलं सांगितलं आणि मारण्याबद्दल कुणी बोललं नाही, माझा कल शाळेकडे आहे. आणि घातलं की कायमचं अडकलं असंही नाही, दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचा मुलाला हक्क आहे, दाखला अडवून ठेवता येत नाही. फक्त पहिलीत रडारड झाली म्हणून महिनाभरात शाळा बदलू नका, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वेळ द्या, तोपर्यंत ती घरी येऊन कुणाकुणाची नावं घेते, बाटली रिकामी येते का, बाईंनी सांगितलेली गोष्ट तुम्हाला सांगते का, एवढं बघत राहा.

आत्ता मात्र दोन गोष्टी आधी करा. मधल्या सुट्टीत जाऊन मुलींच्या बाथरूमच्या नळाला पाणी येतंय का ते स्वतः सोडून बघा. आणि ज्या बाईंचं कौतुक ऐकलंत त्या सध्या पहिलीवर आहेत, तर जूनमध्ये त्या मुलांबरोबर दुसरीला जाणार की पुन्हा पहिलीच घेणार ते विचारा, कारण बऱ्याच शाळांत बाई वर्गाबरोबरच पुढे सरकतात आणि मग तुमच्या वाट्याला वेगळ्याच बाई येतात. तसं असेल तर सध्या चौथीवर कोण आहे ते विचारून त्यांच्या वर्गातल्या पालकांना भेटा, बहुतेक त्याच पहिलीला येतील. हे कळलं की इथेच लिहा, मी बघते.